हत्तरसंग कुडलच्या काकांना, आरशाबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

संगमेश्वराच्या सभामंडपात तुळईवरचा जुना मराठी शिलालेख दिसावा म्हणून तुम्ही आरसा धरता, त्याबद्दल तुमचे रीतसर आभार मानायचे राहूनच गेले होते. सोलापुरातून पोराबाळांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन जुनी देवळे बघायला निघणाऱ्यांना ‘तो बघा शिलालेख’ म्हणून बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. तो दिसेल अशी सोय करणारे तुम्ही एकटेच. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमची पद्धत इतर ठिकाणच्या लोकांनीही उचलावी असे वाटते.

कोरलेले अक्षर म्हणजे दगडातली खाच. खाचेच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्या काठाची सावली पडली, तरच ती डोळ्यांना कळते. लोक नेमके उलटे करतात. तुळईच्या समोर उभे राहून मोबाइलचा फ्लॅश मारतात, सावली नाहीशी होते आणि फोटोत काळा सपाट दगड येतो. मग ‘झिजलाय लेख’ म्हणून पुढे सरकतात. तुम्ही दाराबाहेर उन्हात एकाला आरसा देऊन उभे करता आणि कवडसा आत घेता. आत दुसरा छोटा आरसा तुळईच्या कडेला धरून तो कवडसा दगडाला घासून जाईल असा वळवता. कोन जेवढा कमी, तेवढी अक्षरे उठून दिसतात. ऊन सरकत असते, त्यामुळे बाहेरच्या माणसाने दर काही मिनिटांनी आरसा जरासा फिरवत राहावे लागते. आभाळ असेल तर विजेरी चालते, पण तीही बाजूनेच, दगडाशी जवळजवळ समांतर. कवडसा कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून पोरांना आधी मागे बसवता, हेही बरोबरच.

आणि खडू लावू देत नाही, याबद्दल तर तुम्हाला साष्टांग नमस्कार. खडू, चुना, पीठ भरून अक्षरे ‘उठावदार’ करायची खोड फार जुनी आहे. त्यात दोन नुकसाने होतात. पूड दगडाच्या रंध्रांत बसते आणि धुऊनही पुरती निघत नाही. शिवाय भरणाऱ्याने जी रेघ अक्षर समजून ओढली, तीच पुढचा माणूस वाचतो. मूळ खाच बाजूलाच राहते. तेल-शेंदराचे तर विचारूच नका. थरावर थर चढून अक्षर बुजते आणि खरवडायला गेले की खाचेचे काठच ढासळतात. तुमच्याकडे डबा सोडायच्या आधी सगळ्यांना हात धुवायचे कुठे ते दाखवता, त्याचे कारण नव्या माणसाला कळत नाही. सोलापूरकर म्हटल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आलीच, आणि त्या चटणीच्या तेलाची बोटे खांबावर टेकली की डाग कायमचा.

लेखात शके ९४०, कालयुक्त संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाला नाव असते, त्यातले एक), माघ असा काळ दिला आहे. पाट्यांवर आणि लेखांमध्ये इसवी सन १०१८ छापतात, कारण शकात ७८ मिळवायची सवय असते. पण नवे इसवी वर्ष साधारण पौषात लागते, म्हणून माघासाठी ७९ मिळवायला हवेत. म्हणजे १०१९ उजाडले होते. शेवटी ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचेल तो विजयी होईल, असा आशीर्वाद आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला, त्यामुळे आपल्यापैकी कितीतरी जणांना हा विजय फुकटात मिळाला. मराठीतला पहिला लेख हाच की शके ९३४ चा मानला जाणारा अक्षीचा, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. सहा वर्षांचा तर फरक.

तुमचे खरे कसब याच्या पुढे आहे. ‘हजार वर्षे झाली’ म्हटले की पोरे मान डोलावतात. हजार काय आणि दहा हजार काय, त्यांना सारखेच. तुम्ही काठीने धुळीत गणित मांडता. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२. साठा पंधरे नऊशे, बाकी ५२. प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजले की बावन्नावे येते ते कालयुक्त. कोरणाऱ्याची वेळ अशी पोरांनी स्वतः पडताळलेली असते. बाकी शून्य आली तर साठावे, क्षय, हेही सांगून ठेवता. नाहीतर पोरे तिथे अडतात.

मग आजोबांची पाळी. जन्मसालातून ७८ वजा करा (पाडव्याच्या आधीचा जन्म असेल तर ७९), मग तेच गणित. आपले जन्मसंवत्सर परत येते ते साठीला, म्हणून तर घरोघर षष्ट्यब्दी करतात. दुसऱ्यांदा परत यायला एकशे वीस वर्षे जगावे लागेल, आणि तेवढे सहसा कुणी जगत नाही. तेच कालयुक्त त्या तुळईखाली शके १००० ला आले, १०६० ला आले, असे करत शके १९०० पर्यंत सोळा वेळा येऊन गेले. सतरावी खेप शके १९६० ची, २०३८ च्या पाडव्याला सुरू होणारी. १९७८ च्या पाडव्यानंतरच्या वर्षात जन्मलेले आईबाप तेव्हा साठीचे होतील. नातवंडे बोटांवर हिशेब करतात, आजोबांकडे बघतात आणि गप्प होतात. आयुष्य क्षणभंगुर वगैरे प्रवचन तुम्ही तिथे झोडत नाही, याचेही आभार. गणित झाले की काठी टेकून थेट हरिहरेश्वराच्या देवळाकडे चालू लागता.

तिथले बहुमुखी शिवलिंग पोरांना फार आवडते. १९९९ साली मातीचा ढिगारा उपसताना ते सापडले. त्यावर ३५९ मुखे आहेत आणि लिंग स्वतः धरून ३६०. सगळी मोजायचा हट्ट प्रत्येक पोर धरते आणि प्रत्येकाची गफलत एकाच जागी होते: वळसा पुरा झाला तरी सुरुवातीचा चेहरा कोणता होता ते आठवत नाही. एकाला पहिल्या चेहऱ्यासमोर खुंटासारखे उभे करायचे आणि दुसऱ्याने एकेक ओळ मोजत फिरायचे, हा तुमचा तोडगा अचूक आहे. हात न लावता.

आता येणाऱ्यांसाठी चार गोष्टी, तुमच्याच तोंडच्या. नकाशात नुसते ‘कुडलसंगम’ टाकू नये, गाडी कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर जाते. तो बसवेश्वरांचा कुडलसंगम. आपला भीमा-सीनेचा, दक्षिण सोलापूर तालुक्यातला, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. ‘हत्तरसंग कुडल’ असेच टाकावे. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत बघून व्हावे. नंतर काळा दगड असा तापतो की अनवाणी पाय ठरत नाही; जाड सुती मोजे जवळ असावेत. उन्हातून एकदम आत शिरले की काही दिसत नाही, आणि म्हातारी माणसे उंबरठ्याला अडखळतात ती त्याच क्षणी. दारात दोन-तीन मिनिटे थांबायचे, मग एकेकाने आत. पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडले की भीमा फुगते. पाणी उतरल्यावर काठावर राहतो तो बारीक गाळ तर साबणापेक्षा निसरडा, आणि दोन प्रवाह मिळतात तिथे भोवरे असतात. पोहता येते म्हणणाऱ्यांनीच तिथे जास्त सांभाळावे. मधमाश्यांचे मोहोळ दिसले तर अगरबत्तीसुद्धा लावायची नाही.

तुमच्या मोठ्या आरशाचा पारा एका कोपऱ्यातून उडालाय आणि कवडसा तिथे फाटतो. दीड फूट बाय एक फुटाचा नवा आरसा, कडेला लाकडी पट्टी लावून, गोणपाटात बांधून पाठवत आहोत. सोबत एक छोटा हातआरसा आणि धूळ झटकायला मऊ केसांचे दोन ब्रश आहेत. तारेचा ब्रश मुद्दाम दिलेला नाही. गोणपाट सोडताना पट्टीची बाजू वर ठेवा, खाली काच आहे.

आपले,
सोलापूरहून सहकुटुंब येणारे