हँककाका, त्या पन्नास डॉलरांबद्दल

ती. हँककाका कॉक्रन यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांचे गीतकार, २०१० मध्येच गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही. पण आभार राहून गेलेत, आणि ते मानायला तुमचे गीतकार-गायक मित्र विली नेल्सन एकटे पुरे पडायचे नाहीत. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. मीही गाणीच लिहितो. मालिकांची शीर्षकगीतं, जाहिरातीच्या चार ओळी, गणपतीच्या आधी एखादा अल्बम. कंट्री संगीताचं माहेर, तुमचं नॅशव्हिल, मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या गीतकारांचे हिशेब वाचले आणि ते फारच ओळखीचे निघाले.

१९६० साली विली टेक्सासातून तुमच्या गावात आले, तेव्हा बायको, तीन लेकरं आणि वहीभर गाणी एवढाच पसारा होता. ह्यूस्टनला त्यांनी एक गाणं ५० डॉलरला आणि दुसरं १५० ला विकून टाकलं होतं. विकलं म्हणजे हक्कासकट. पन्नास डॉलरवालं त्याच वर्षी गाजलं आणि तबकडीवर गीतकार म्हणून भलत्यांचीच नावं होती. लोक याला मूर्खपणा म्हणतात. अशा लोकांच्या घराचं भाडं कधी थकलं नसावं.

तेव्हा अमेरिकेच्या कायद्यानं एका तबकडीमागे एका गाण्याचे २ सेंट ठरवलेले होते. १९०९ मध्ये ठरले ते १९७८ पर्यंत हललेच नाहीत. त्यातला निम्मा वाटा प्रकाशक कंपनीचा. म्हणजे लाखभर तबकड्या खपल्या तर लिहिणाऱ्याच्या हातात हजार डॉलर, जोडीला सहगीतकार असेल तर पाचशे. तेही कित्येक महिन्यांनी. दूधवाला तोवर थांबत नाही. म्हणून गीतकाराला खरी गरज असते ती आठवड्याच्या उचलीची. पुढच्या कमाईतून वळती होणारी का होईना, पण दर आठवड्याला येणारी.

हे तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी मेम्फिसच्या अनाथाश्रमात राहिलात, काकांबरोबर रस्त्यात गाड्यांना हात दाखवत न्यू मेक्सिकोपर्यंत गेलात, पोरवयात तेलविहिरींवर राबलात. विली आले तेव्हा तुम्ही नॅशव्हिलजवळच्या गुडलेट्सव्हिलला पॅम्पर म्युझिक या गाण्यांच्या प्रकाशक कंपनीत होतात. गाणी लिहायची आणि कंपनीची गाणी घेऊन गायकांचे, निर्मात्यांचे उंबरे झिजवायचे, असं दुहेरी काम. टूटसीबाईंच्या गुत्त्यात तुम्ही विलींना ऐकलंत आणि मालकांकडे शब्द टाकलात. मालक हॅल स्मिथ म्हणाले, तुझी पगारवाढ द्यायची आहे, आठवड्याला ५० डॉलर. याला घेतलं तर ती देता येणार नाही.

तुम्ही म्हणालात, त्याला द्या.

काका, आमच्या धंद्यात निर्मात्यानं ‘दुसरं कोणी सुचवा’ म्हटलं की आम्ही आपल्यापेक्षा एक पायरी खालच्याचा नंबर देतो. हे कोणी कबूल करणार नाही, पण रीत आहे. आणि तुमचीही काही भरभराट झालेली नव्हती. गायिका पॅट्सी क्लाइननं गायलेलं, तुम्ही आणि हार्लन हॉवर्डनं मिळून लिहिलेलं गाणं कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं ते १९६१ मध्ये, नंतर. नोकरीची बातमी द्यायला तुम्ही स्वतः विलींच्या ट्रेलरवर गेलात. तिथे सगळेच रडले, असं विलींनीच पुढे सांगितलंय.

मग पॅम्परच्या आवारातलं ते गॅरेज. एक दार, एक खिडकी, एक गिटार. दोघं लिहायला बसलात आणि तुम्हाला फोन आला म्हणून तुम्ही उठून गेलात. एकटे उरलेले विली भिंतींशीच बोलायला लागले, मग खिडकीशी, मग छताशी. तुम्ही परत येईपर्यंत ‘हॅलो वॉल्स’ झालेलं होतं! विली तेही ५०० डॉलरला विकायला निघाले होते. गायक फॅरन यंग यांनी विकत घ्यायला साफ नकार दिला आणि तेवढे पैसे उसने दिले. गाणं १९६१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि या वेळी कमाई लिहिणाऱ्याच्या घरी आली. फॅरनसाहेबांनाही माझा नमस्कार.

आमच्याकडे २०१२ मध्ये कायदा बदलला, जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत भांडण मांडलं. गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कागदावर पक्का आहे. तरी परवाच एकानं मला ‘एकरकमी घ्या आणि विषय संपवा’ म्हणून सांगितलं. मी घेतले. कर्जाचा हप्ता भरायचा होता.

त्यामुळे तुमचे आभार मानतो ते विलींना हेरल्याबद्दल नाही. हेरणारे पुष्कळ असतात, पाठ थोपटून जातात. तुम्ही त्यांच्या किराण्याची सोय केलीत आणि तीही आपल्या ताटातून. विलींनी लिहिलेलं, पॅट्सीनं गायलेलं ‘क्रेझी’ ऐकताना मला तिचा आवाज ऐकू येतोच, पण ती पगारवाढही आठवते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गीतकार

ता. क. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमनं विलींना १९९३ मध्ये घेतलं आणि तुम्हाला २०१४ मध्ये. तिथेही तुम्ही त्यांनाच पुढे जाऊ दिलंत म्हणायचं. आणि टूटसीबाई भेटल्या तर त्यांना सांगा, उधारीच्या चिठ्ठ्यांनी भरलेला तुमचा तो सिगारचा डबा आम्हा लोकांना अजून ठाऊक आहे. माझ्या नावावर एक चहा लिहून ठेवायला हरकत नाही.