बाळूच्या डॉक्टरांना, जाहीर आभार

आदरणीय डॉक्टर,
स.न.वि.वि.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका चकचकीत क्लिनिकमध्ये जाऊन आलो होतो. तिथे एक्स-रेवर ओझरती नजर टाकून थेट पॅकेजच पुढे सरकवलं. स्टेम सेलची, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींची, इंजेक्शनं, पैसे आगाऊ, खुब्यात नवी कूर्चा उगवणार, कुत्रा पिल्लासारखा पळणार. बाळूच्या अंगाला मात्र कुणी हात लावला नाही.

तुम्ही आधी आमच्या आशेलाच कात्री लावलीत. वाढीच्या वयात खुब्याचा सांधा सैल राहिला, त्यातून संधिवात, लॅब्राडॉरमध्ये नेहमीचंच. पेशी टोचल्याने सांधा नवा होत नाही. त्या सूज शमवणारी द्रव्यं सोडतात, त्याने दुखणं कमी होऊ शकतं, तेही प्रत्येकाचं नाही. घोड्यांच्या लंगडण्यावरच्या स्टेम सेल औषधाला युरोपात 2019 सालीच मंजुरी मिळालीय, असं मी वाचून आलेलं ज्ञान पाजळलं, तर तुम्ही म्हणालात, "हा घोडा नाही. आधी वजन उतरवा." 42 किलो! आईची तूप-पोळी त्याच दिवशी बंद झाली. अंगात कुठे गाठ नाही ना, हेही तपासलंत. पुढे चरबी काढली, तिच्यातल्या पेशी खुब्यात सोडल्या. ते तुमचं शास्त्र तुम्हाला ठाऊक.

माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. फाइलवर नाव 'ब्रूनो', ते फक्त लायसन्सपुरतं. "घरी काय हाक मारता?" तुम्ही विचारलंत. आई संकोचून म्हणाली, "बाळू." भूल देताना आम्ही दाराबाहेर, आणि आतून तुमचा आवाज, "बाळू, ए बाळूराजा, झालंच हं." तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला. नंतर तुमचे कंपाउंडरकाकाही बाळूच म्हणायला लागले.

आता तो उठताना कण्हत नाही. जिने अजून टाळतो. हे वजन घटल्याने की पेशींमुळे, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. पैसे घेऊन झाल्यावर असं कोण बोलतं हो? मुक्या जनावराच्या मालकाला गंडवणं सगळ्यात सोपं, कारण जनावर तक्रार करत नाही आणि मालक हवालदिल असतो. तरीही सरळ वागणारी माणसं आहेत, आणि बहुधा त्यांच्या क्लिनिकला एसीसुद्धा नसतो.

पुढच्या तपासणीला आई चकल्या घेऊन येणार आहे. नाही म्हणू नका, ती ऐकणार नाही. फक्त बाळूसमोर डबा उघडू नका.

आपली कृतज्ञ,
बाळूची ताई