अर्धशिशीची गोळी आणि हरवलेले शब्द

संपादक महोदय,

उन्हाळ्यातल्या डोकेदुखीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पाणी प्या, उपाशी राहू नका, सगळं खरं. पण ज्यांचं डोकं महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस दुखतं, त्यांचं एवढ्यावर भागत नाही. त्यांना दुखणं येऊच नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. ती मनाचं काय करते, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात ऑर्डरी घेते. माझ्या अर्धशिशीवर आधी फ्लुनारिझिन ही रोजची गोळी दिली. डोकं उतरलं, वजन सहा किलो वाढलं, आणि गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांसमोर उभी राहून मी उगाचच रडले. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. (त्यांचा जीव तुटत होता, राग नाही.) या गोळीनं उदासी येऊ शकते, पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना ती देत नाहीत, हे मला चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी त्यातून गेले होते. पण आधी कुणी विचारलंच नव्हतं.

मग टोपिरामेट ही दुसरी गोळी. बोटांना मुंग्या यायच्या, सोडा पाणचट लागायचा. ते चालवून घेतलं. एक दिवस हैदराबादच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलताना ‘किनार’ हा शब्दच आठवेना. ‘ते कडेला असतं ना, ते,’ असं मी म्हणाले. वीस वर्षं टॉवेलात काढलेली बाई! डोक्यात काहीतरी बिघडलं, या धास्तीनं तीन आठवडे घरातही बोलले नाही. शेवटी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘गोळीचंच आहे’, आणि डोस कमी केला. शब्द परत आले.

आता महिन्यातून पाच-सहा दिवसच दुखतं. पण लग्नाचं आमंत्रण आलं की तोंडातून अजून ‘बघते’च निघतं. घरच्यांच्या लेखी मी बरी झाले. डोकं पुन्हा दुखेल ही भीती मात्र गोळीनं गेली नाही.

डॉक्टरांना विनंती, चिठ्ठी लिहिताना ‘पूर्वी कधी उदास वाटायचं का?’ एवढं विचारा आणि घरच्या माणसालाही कल्पना द्या. आणि माझ्यासारख्यांनो, घाबरून गोळी परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना सांगा.

नाव छापू नये. ‘किनार’चा किस्सा कारखान्यात अजून हसण्यावारी सांगतात, त्यामागचं कारण तिथे कुणाला माहीत नाही.

– एक वाचक भगिनी, सोलापूर