पिनोशे गेले, 44 टक्के उरले

आपल्या अंकातील चिलीवरच्या लेखात जनरल पिनोशे यांचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे. खरी गोम तिथेच आहे. 1973 मध्ये बंड करून सत्ता बळकावलेल्या या गृहस्थांनी 1988 मध्ये ‘मी हवा की नको’ असा कौल घेतला. विरोधकांना टीव्हीवर रोज 15 मिनिटे मिळाली, तीही रात्री उशिरा. तरी पिनोशे हरले. पण ‘हवा’ म्हणणारे होते 44 टक्के! त्या ‘हवा’च्या प्रचारात होसे आन्तोनियो कास्त नावाचा तरुण होता. 2021 मध्ये तेच कास्त अध्यक्षपदासाठी उभे राहून हरले, तेव्हाही त्यांची मते 44 टक्केच. 2025 मध्ये मात्र जिंकले. सगळी मते काही पिनोशेभक्तांची नव्हेत, गुन्हेगारीला विटलेलेही त्यात असणार. पण पिनोशे हयात असते तर त्यांनी मलाच मत दिले असते, असे कास्त 2017 मध्ये उघड म्हणाले होते. आणि पिनोशेंच्या ज्या खासगी पेन्शन योजनेचे गोडवे गायले जातात, त्यातून लष्कराने स्वतःला अलगद बाहेर ठेवले होते, हे भक्त सोयीस्कर विसरतात.

– एक वाचक, सातारा