गाणं संपेपर्यंत दार बंद

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या भयपटांवरच्या लेखात 'कृष्णधवल चित्रपटांची आता कुणाला भीती वाटत नाही' असं म्हटलं आहे. मला ते पटलं नाही.

मी २७ वर्षं मिरजेतल्या एका थिएटरात ऑपरेटर होतो. १९७९च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मॅटिनीला 'महल' लागला. बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला १९४९चा चित्रपट. म्हणजे तेव्हाच तीस वर्षांचा. पहिल्या दिवशी मी केबिनच्या झरोक्यातून बघत होतो. वादळी रात्र, ओसाड हवेली. अशोककुमार आत येतो. म्हातारा माळी त्याला हवेली बांधणाऱ्याची आणि त्याची वाट बघत राहिलेल्या कामिनीची गोष्ट सांगतो. मग एक तसबीर दिसते, आणि तिच्यातला चेहरा अशोककुमारचाच! नेमकं त्याच वेळी उशिरा आलेल्या कुणासाठी तरी डोअरकीपरने दार उघडलं. उन्हाचा झोत आत आला आणि पडदा फिका पडला. हवेली गेली, नुसतं कापड उरलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, गाणं संपेपर्यंत दार उघडायचं नाही. मालक आधी कुरकुरले, मग स्वतःच दाराशी उभे राहू लागले. उशिरा येणारे बाहेर थांबत. 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या, ठेका नसलेल्या ओळी बंद दारातून अगदी लांबून आल्यासारख्या ऐकू येत. एक वयस्क बाई तर दार उघडल्यावरही काही क्षण जागच्या हलल्या नव्हत्या.

पुढे लतादीदींनी सांगितलेली आठवण वाचली. रेकॉर्डिंगच्या वेळी माइक खोलीच्या मधोमध होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत गेल्या होत्या, आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून. वाचताना मला आमचं दार आठवलं.

कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा. चेहऱ्याला हवा तेवढाच उजेड, बाकी सगळा काळोख. भीती त्या काळोखात आहे. तो पडद्यावर नीट उतरवणं आमचं काम. तेव्हा प्रोजेक्टरचा उजेड दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीचा असे. कार्बन जळत जाई तसं कांड्यांमधलं अंतर सारखं सांभाळावं लागे. नाही तर पांढरा पिवळट होतो, आणि पांढरा मेला की शेजारचा काळाही मरतो. शेवटी सगळा उलगडा होतो, तो इथे सांगत नाही. पण तो ठाऊक असूनही सातव्या दिवशी त्या तसबिरीपाशी माझ्या अंगावर काटा आला होता.

माझ्या नातवाने हाच चित्रपट भर दुपारी गॅलरीत बसून मोबाइलवर लावला. 'आजोबा, काही दिसतच नाही' म्हणत त्याने स्क्रीनचा उजेड वाढवला, आणि सगळी हवेली राखाडी झाली. त्याला भीती वाटली नाही, यात नवल नाही. लेखकानेही तो असाच पाहिला असेल तर एकदा मोठ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात पाहावा.

सांगली-मिरजेतल्या एखाद्या फिल्म सोसायटीने 'महल'चा एक खेळ लावावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. दार सांभाळायला मी येईन.

– एक निवृत्त ऑपरेटर, मिरज