रविवारी झालेला नफा

लातूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग जरा काळजी वाटली. "एका रात्रीत माझे पैसे निम्मे झाले, तुम्ही लोकांनी काय करून ठेवलंय?" पहिली गोष्ट, तू ज्यात शेअर बघतोस ते अ‍ॅप आमच्या कंपनीचं नाही. दुसरी, घाबरून शेअर विकले नाहीस ना? विकले नसतील तर गप बस, पैसे जाग्यावर आहेत. फोनच केला असता, पण अर्ध्यातच "बरं बरं, कळलं" म्हणायची तुझी जुनी सवय. शिवाय "सध्या काय करलालास?" असं तू दरवेळी विचारतोस, त्याचंही उत्तर यातच आहे. लोकांच्या नफ्याच्या आलेखात जे चढउतार प्रत्यक्षात झालेच नाहीत, ते शोधून काढायचे, हेच सध्या माझं काम.

तुझं प्रकरण बोनसचं आहे. एकास एक बोनस म्हणजे कंपनी प्रत्येक शेअरमागे एक नवा शेअर फुकट देते, शंभर शेअरचे दोनशे होतात आणि भाव साधारण निम्म्यावर येतो, एकूण किंमत तेवढीच राहते. पण भाव निम्मा होतो एका दिवशी आणि नवे शेअर खात्यात मोकळे होतात नंतर. मधल्या काळात ज्या प्रोग्रामला बोनसची खबरच नाही तो जुन्या संख्येला नव्या भावाने गुणतो, आणि इकडे माणसाच्या छातीत धस्स होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर होणाऱ्या बोनससाठी सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, नियम केलाय की रेकॉर्ड डेटनंतरच्या (त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला बोनस) दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी त्या शेअरचे व्यवहार सुरू झाले पाहिजेत. त्याने हा खड्डा अरुंद झाला, बुजला नाही. त्यातही गंमत बघ. एचडीएफसी बँकेच्या बोनसची रेकॉर्ड डेट होती २७ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी गणेश चतुर्थी, बाजार बंद. म्हणून भाव आदल्याच दिवशी, २६ तारखेला, निम्मा झाला. ज्या प्रोग्राममध्ये "रेकॉर्ड डेटला भाव बदलतो" एवढंच लिहिलेलं असेल, तो गणपती बसायच्या आदल्या दिवशी लोकांना खोटा तोटा दाखवणारच.

पण मला खरं डोकं लावावं लागलं ते रविवारच्या नफ्यापायी. एका ग्राहकाची तक्रार आली की माझा नफा-तोटा रविवारी हलतो. आधी कुणी मनावर घेतलं नाही. बाजार बंद असताना नफा कसा होईल, त्यालाच आलेख वाचता येत नसेल, असं आमच्यातल्या एकाने ठरवूनही टाकलं. मी त्याच्या नोंदी उघडल्या. खरेदी-विक्रीच्या नोंदींवर वेळ असते, सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन यांच्यामधली. लाभांश, शुल्क असल्या नोंदींवर मात्र नुसती तारीख. वेळ नसली की प्रोग्राम मध्यरात्रीचे बारा धरतो. सर्व्हर चालतो जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे सोमवारच्या मध्यरात्रीची नोंद त्याच्या लेखी रविवारी संध्याकाळी साडेसहाची. खरेदी-विक्रीची वेळ साडेपाच तास मागे गेली तरी तारीख तीच राहते, म्हणून त्या नोंदी बरोबर जागी आणि बाकीच्या एक दिवस आधी. महिन्याचा ताळा बहुतेक जमतो, दिवसाचा जमत नाही.

आणि हे इतके दिवस कुणाला दिसलं का नाही? मंगळवार ते शुक्रवारच्या नोंदी आदल्या कामाच्या दिवसात जाऊन बसायच्या आणि तिथं खपून जायच्या. उघडी पडायची ती फक्त सोमवारची, कारण तिला रविवारात लपायला जागा नव्हती. यावर एकाने सुचवलेला उपाय ऐक: आलेखातून शनिवार-रविवार काढूनच टाकू! म्हणजे चोरीचा एकुलता एक साक्षीदार गावाबाहेर पाठवायचा. वर शनिवारी बाजार कधीच नसतो असंही नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला बजेट होतं, वार शनिवार, आणि बाजार पूर्ण वेळ चालला. दिवाळीचं मुहूर्ताचं ट्रेडिंग तसंच. एरवी ते संध्याकाळी असायचं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन झालं. ज्याने संध्याकाळची वेळ कोडमध्ये पक्की लिहून ठेवली असेल, त्याच्या आलेखात लक्ष्मीपूजनाचा दिवस कोराच राहायचा.

दुसरी मोठी भानगड म्हणजे बाहेरून आलेला पैसा. सोयाबीन विकून कुणी खात्यात पैसे भरले की रेघ चढते, लेकीच्या लग्नाला काढले की पडते. चालू शिल्लक वजा सुरुवातीची शिल्लक एवढंच करून त्याला नफा म्हटलं की हे होणारच. मोंढ्यात आडत्याकडून घेतलेली उचल शेतकऱ्याने कमाईत धरावी, तसलं हे गणित. आपल्याकडचं शेंबडं पोरही उचल आणि पट्टी वेगळी ओळखतं, पण इंजिनिअर लोकांना ते सांगावं लागतं. नफा काढताना भरणा वजा करायचा, काढलेली रक्कम मिळवायची. दुसऱ्या डिमॅट खात्यातून आणलेल्या शेअरचंही असंच. खरेदीभाव सोबत येत नाही, रिकाम्या जागी शून्य धरलं जातं आणि सगळी किंमतच नफा म्हणून मिरवते. अशा वेळी तक्रार मात्र सहसा येत नाही.

शोधायची माझी पद्धत साधी आहे. हजारो खात्यांवर एकदम हात टाकायचा नाही, एकच खातं घ्यायचं आणि त्याचा हिशोब कागदावर मांडायचा. मग मधली एखादी तारीख धरायची. तिथपर्यंत कागद आणि आलेख जुळले तर चूक पुढच्या अर्ध्यात, नाही जुळले तर मागच्या. असं निम्मं निम्मं करत गेलं की वर्षाच्या नोंदीतूनही लवकरच एका दिवसावर येता येतं. रेघेचा आकारही बरंच सांगतो. सरळ खाली कोसळून काही दिवसांत तशीच वर आली, तर संख्या आणि भाव यांची चुकामूक. पायरीसारखी चढली आणि उतरलीच नाही, तर भरणा नफ्यात गेला, नाहीतर नेट अडखळल्यावर तीच नोंद दोनदा आली. एकच दिवस शून्यावर टेकली, तर भाव मिळाला नव्हता.

पण आकारावर भरवसा ठेवून प्रोग्रामला आपोआप दुरुस्ती करू द्यायची, याला माझा विरोध. आमच्या वरच्या साहेबांना ते फार सोपं वाटतं. मोठी पडझड दिसली की गाळायची, रेघ गुळगुळीत करायची, तक्रारी बंद. मी त्यांच्यासमोर ४ जून २०२४ ठेवला. लोकसभेचा निकाल, सेन्सेक्स जवळजवळ ४,३९० अंकांनी आपटला आणि दुसऱ्याच दिवशी २,३०० च्या आसपास वर आला. खाली कोसळला, लगेच सावरला, दिसायला हुबेहूब डेटाची चूक. आणि ते सगळं खरं घडलेलं. गाळणी लावली असती तर ज्याने त्या दिवशी घाबरून विकलं, त्याचा तोटा आम्ही पुसून टाकला असता. साहेब गप्प झाले, पटलं असं काही म्हणाले नाहीत. गाळणी तूर्त बाजूला पडलीय. मूळ नोंदी दुरुस्त करायच्या आणि आलेख पहिल्यापासून पुन्हा बांधायचा, हे काम मात्र माझ्याच गळ्यात. वेळ लागतो, रात्री लाईट जाते तेव्हा चिडचिडही होते, पण आवडतंय.

आता तुझं. स्क्रीनशॉट पाठवू नकोस, त्यात नुसती रेघ दिसते. आधी डिमॅटमध्ये शेअरची संख्या दुप्पट झालीय का बघ. झाली नसेल तर दोन-तीन कामाचे दिवस थांब. झाली असेल आणि आलेख तरीही पडलेलाच असेल, तर अ‍ॅपमधून लेजर (पैशांच्या नोंदी) आणि ट्रेडबुक (खरेदी-विक्रीच्या नोंदी) उतरवून घे, पॅन नंबर झाकून मला पाठव. त्यांच्या तक्रारखात्याला लिहिताना "ग्राफ चुकलाय" असं मोघम लिहू नकोस. बोनसची तारीख, आधीची संख्या, नंतरची संख्या, एवढंच लिही.

आईंना नमस्कार सांग. तुझ्या पोराला शेअरबाजारात घालायचं का, असं विचारलं होतंस. त्याचं बारावीचं होऊ दे, मग बोलू.

तुझाच,
तुझा जुना बाकसोबती