सायकलची जुनी चेन: झोक्याला नको, टाकी घासायला घ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की खानदेशात गावोगाव निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात. दोर हातभर कमी पडला, तर घरात पडलेली सायकलची जुनी चेन मध्ये जोडून वेळ भागवण्याचा मोह होतो. तो कृपया कोणी करू नये, हे आधी सांगतो. झिजलेल्या चेनचे उत्तम उपयोग आहेत, ते पुढे लिहिलेच आहेत. पण माणसाचा भार तोलणे हा त्यातला नाही.

कारण चेनच्या बनावटीतच आहे. चेनच्या पिनची दोन्ही टोके बाहेरच्या पत्त्यांत दाबून बसवलेली असतात. पंच मारून पिन एकदा बाहेर काढली आणि पुन्हा ठोकली, की पत्तीचे भोक किंचित मोठे होते आणि पूर्वीची पकड परत येत नाही. शिवाय चेन एकाच बाजूला वळण्यासाठी घडवलेली असते. दात्यांच्या चकतीवर ती तशीच वळते, म्हणून वर्षानुवर्षे टिकते. झोका मात्र पिळतो, आडवा हलतो. हा आडवा पीळ पत्तीला पिनवरून बाहेर ढकलतो, आणि पत्ती सुटते ती कसलीही चाहूल न देता. दोर तुटण्याआधी त्याचे तंतू सुटलेले दिसतात, चेनचे तसे काहीच दिसत नाही. लहान मुलांची बोटे कड्यांत चिमटतात, ते वेगळेच. झोक्याला जाड दोरखंड किंवा वेल्डिंग केलेल्या कड्यांची साखळी वापरावी. याच कारणाने या चेनने मोटार, पाइप किंवा धान्याचे पोते वर ओढू नये. गुरांच्या गळ्यातही ती बांधू नये; केस आणि कातडी कड्यांत अडकून जखम होते.

चेन झिजली म्हणजे नेमके काय झाले, ते मोजून पाहता येते. चेन ताणली गेली असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. पिन आणि ती ज्यात फिरते ते भोक, दोन्ही झिजतात, आणि शंभरावर सांध्यांची झीज एकत्र होऊन चेन लांब होते. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ आणि वरून ओतलेले तेल मिळून जो काळा लगदा होतो, तो या सांध्यांत पॉलिश पेपरसारखे काम करतो. म्हणून तेल घालण्याआधी चेन पुसावी लागते. मोजायची रीत अशी: चेन खिळ्याला टांगा, खालून ओढून सरळ करा आणि पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. एक कडी अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी, असते. त्यामुळे नव्या चेनवर 24 कड्या बरोबर 12 इंचांत बसतात. त्याच 24 कड्या 12 इंच आणि अर्ध्या सुतावर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेल्या, तर गिअरच्या सायकलची चेन बदलण्याची वेळ झाली. साध्या सायकलला एक सूत भरेपर्यंत चालते. त्यापुढे चेन चकतीचे दाते खाऊ लागते. उलट, झिजलेली चेन झिजलेल्याच फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवर, मुकाट चालते. त्याच झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन चढवली की दाते तिला नीट पकडत नाहीत आणि पायडल मारताना झटके बसतात.

काढलेली चेन आधी धुवायची. रुंद तोंडाच्या डब्यात ती बुडेल इतके, साधारण 200 मिली, रॉकेल किंवा डिझेल घ्या, अर्धा तास भिजवा, झाकण लावून हलवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा. मग दुसऱ्यांदा थोडे स्वच्छ डिझेल. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ ठिणगी पकडते. वापरलेले डिझेल रात्रभर स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पुन्हा कामी येते. ते गटारात ओतू नये. शेवटी एक लिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून त्यात चेन वीस मिनिटे ठेवा. त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नका. संडास साफ करायच्या ॲसिडने गंज लवकर जातो खरा, पण टणक केलेले पोलाद ॲसिडमुळे ठिसूळ होते आणि पत्तीला बारीक तडे जातात. धुतलेली चेन लगेच उन्हात ठेवा. सावलीत ओली राहिली, तर दुसऱ्या दिवशी तांबूस झालेली असते.

आता उपयोगांकडे. शेतकऱ्याच्या सर्वांत कामाचा उपयोग म्हणजे गंजलेली टाकी आतून घासणे. डिझेल इंजिनाच्या किंवा मोटारसायकलच्या टाकीत गंज धरला की लोक आत खडी किंवा नट टाकून हलवतात, आणि मग त्यातले दोन-चार आतच अडकून बसतात. चेनचे तसे होत नाही, ती एका तुकड्यात बाहेर येते. चेन 40 कड्यांवर तोडा आणि तुकड्याच्या एका टोकाला बारीक तार बांधून ती टाकीच्या तोंडाबाहेर ठेवा. टाकी आधी इंधन काढून सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवावीच लागते. आत वाफ शिल्लक असताना लोखंडावर लोखंड घासले, तर ठिणगीने भडका उडू शकतो. मोटारसायकलची टाकी असेल तर कॉक आणि पेट्रोल दाखवणारा फ्लोट काढून घ्या, नाहीतर चेन फ्लोटची काडी वाकवते. मग चेन, पाव टाकी पाणी आणि मूठभर सोडा घालून तोंड बंद करा आणि टाकी सगळ्या बाजूंनी फिरवत दहा-पंधरा मिनिटे हलवा. पाणी तपकिरी निघेल. स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा करा. उन्हात पूर्ण वाळवून आत थोडे डिझेल फिरवा. हे राहिले, तर उघडे पडलेले लोखंड रातोरात पुन्हा गंज धरते. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर घासल्यावर बारीक भोके उघडी पडतात. ती चेनने पाडलेली नसतात, गंजाने बुजलेली असतात. म्हणून आधी टाकीत पाणी भरून बाहेरून पाझर पाहावा. फवारणी पंपाच्या प्लास्टिकच्या टाकीला मात्र ही रीत अजिबात लावू नये.

दुसरा उपयोग घरातला. गोल बुडाचा माठ किंवा लोखंडी कढई टेकवायला चेनचे कडे छान होते. साध्या सायकलच्या चेनला साधारण 112 कड्या असतात, म्हणजे लांबी जवळपास 142 सेंमी. तिचे तीन वेढे एकावर एक रचले की सुमारे 15 सेंमी व्यासाचे, तीन सेंमी उंचीचे कडे होते. पिन उभ्या राहतील असे वेढे घालावे लागतात, कारण चेन वळते ती त्याच बाजूने. चार ठिकाणी बायंडिंग वायरने घट्ट बांधा आणि तारेची टोके आत वळवा, बाहेर राहिली तर बोट फाडतात. तीच चेन सपाट, आतून बाहेर गुंडाळली तर साडेबारा-तेरा सेंमीची चकती होते, गरम पातेल्याखाली ठेवायला. माठाच्या कड्याला रेड ऑक्साइड आणि वर रंगाचे दोन हात द्यावेत. माठ पाझरतो, आणि बिनरंगाच्या कड्याचा डाग फरशीवरून निघत नाही. कढईच्या कड्याला रंग देऊ नका, उष्णतेने तो जळून वास मारतो. पिनवर फिरणाऱ्या रोलरमध्ये तेल राहिले असले, तरी तापल्यावर ते पाझरून खाली डाग पडतो, म्हणून सोड्याचे उकळते पाणी इथे टाळता येत नाही. मांड्याचे खापर चुलीवरून उतरवल्या उतरवल्या या कड्यावर टेकवू नये, गार लोखंडाने मातीला तडा जाऊ शकतो. तारेऐवजी वेल्डिंग करायचे असेल, तर पांढुरक्या जस्ताच्या मुलाम्याची चेन घेऊ नये. तिचा धूर घेतल्याने ताप आणि कणकण येते.

तिसरा उपयोग सायकल दुकानदारांसाठी, गिअरची चकती धरून ठेवायचा दांडा. 25 बाय 5 मिमीची लोखंडी पट्टी 30 सेंमी लांब घ्या. टोकापासून एक सेंमीवर 4 मिमीचे एक भोक आणि त्यामागे अडीच सेंमीवर दुसरे पाडा. पहिल्या भोकात चेनचा 30 सेंमी लांबीचा तुकडा, दुसऱ्यात तीन कड्यांचा. दोन्ही तुकड्यांच्या टोकाला बाहेरच्या पत्त्या याव्यात आणि पट्टी त्यांच्यामध्ये बसावी. 5 मिमी जाडी याचसाठी. 3 मिमीची पट्टी साध्या चेनमध्ये डुगडुगते. गिअरची चेन अरुंद असते, तिला 3 मिमीच लागते. पिन ठोकताना डोळ्यांवर चश्मा हवाच, टणक पिनचा तुकडा उडतो. आणि पिन पूर्ण बाहेर पडू देऊ नका, पत्तीत किंचित अडकलेली ठेवली तरच ती परत सरळ जाते.

किल्लीची कडी, दाराचे शोभेचे तोरण, शाळेच्या कार्यानुभवातल्या फ्रेमा, हे सगळे होते. तिथे हौस महत्त्वाची, फार तंत्र लागत नाही. मुलांच्या हाती देण्याआधी तुटलेल्या पत्तीची धार कानशीने मोडावी.

एवढे करूनही उरलेले तुकडे भंगारात द्यायचेच असतील, तर चेन ॲल्युमिनियमच्या भागांपासून वेगळी करून तारेने गठ्ठा बांधून द्यावी. दुकानदारांनी काउंटरखाली एक डबा फक्त काढलेल्या चेनसाठी ठेवला, तर टाकी घासायला चेन शोधत येणाऱ्या शेतकऱ्याला ती लगेच देता येईल. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात झोक्याबद्दलची सूचना आपल्या पत्रात ठळक चौकटीत छापावी, ही विनंती.

आपले,
सायकल दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
जि. जळगाव